साखळीतले तीन दिवस: फायनान्सबाहेरच्या मॅनेजरांसाठी फायनान्स

गोव्यात असे छोटे कोर्स म्हटले की आधी नाव येते 1993 साली सुरू झालेल्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे. कॅम्पस उत्तर गोव्यातल्या साखळीजवळ. दक्षिण गोव्यातल्या वेर्ण्याहून रोज ये-जा कराल तर दुपारच्या सत्रात पेंगाल. मुक्काम धरूनच नाव घाला.

कुठलाही कोर्स निवडताना वेळापत्रकात वर्किंग कॅपिटलला, म्हणजे रोजचा धंदा चालवायला अडकून राहणाऱ्या पैशाला, किमान अर्धा दिवस आहे का, ते पाहा. खरी कमाई तिथेच. वर्षाची विक्री 7 कोटी 30 लाख म्हणजे दिवसाला 2 लाख. ग्राहकांकडून येणे 1 कोटी 20 लाख, म्हणजे वसुली 60 दिवसांची. ती 45 वर आणली की 30 लाख मोकळे होतात. हे गणित स्वतःच्या ताळेबंदावर करायला लावतात का, हे आधीच विचारा. परदेशी विमान कंपनीची केस वाचून कुंडईच्या कारखान्यातली उधारी वसूल होत नाही.

फीवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो का, ते कोटेशनमध्येच लिहून घ्या. आणि 'प्रमाणपत्र' बहुधा हजेरीचेच असते, परीक्षेचे नव्हे. जेवणात मात्र हुमण, म्हणजे गोव्याची माशांची आमटी, असले तर शेवटचे सत्र बुडालेच म्हणा.