घरच्या सुतारकामातली धूळ: व्हॅक्यूम घ्यावा, डस्ट कलेक्टर की एक्झॉस्ट?

खोली १० बाय १२ फुटांची आणि उंची १० फूट धरली, तर आत साधारण ३४ घनमीटर हवा मावते. कठीण लाकडाच्या धुळीसाठी युरोपीय संघात कामाच्या जागी २०२३ पासून घनमीटरला २ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. या हिशेबाने आपल्या खोलीतली हवा बिघडायला ६८ मिलिग्रॅम धूळ पुरे. चिमूटभर मीठसुद्धा याहून जास्त भरतं. सागाची एक फळी पॉलिशपेपरने घासली की याच्या कितीतरी पट भुकटी निघते. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात १९९५ पासूनच आहे. साग आणि शिसम यांची धूळ अनेकांच्या कातडीला आणि श्वासालाही बाधते.

त्यामुळे जमिनीवर किती भुसा पडला, यावरून यंत्र निवडू नका. ढलप्या आणि जाड भुसा कसाही गोळा होतो. घात करते ती बारीक भुकटी. १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दीड मीटरवरून खाली यायला स्थिर हवेत सुमारे ८ मिनिटं लागतात, अडीच मायक्रॉनच्या कणाला दोनेक तास. वर छताचा पंखा फिरत असेल तर तो खाली बसतच नाही. सँडिंग, म्हणजे पॉलिशपेपरने घासकाम, करताना हा पंखा बंद ठेवा. नंतर कोरडा झाडू फिरवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ओढ आणि प्रवाह यांतला फरक

दुकानदार वॅट आणि हॉर्सपॉवर सांगतो, पण निवड ठरते दुसऱ्याच गोष्टीवर. वेट-ड्राय, म्हणजे पाणी आणि कोरडा कचरा दोन्ही ओढणाऱ्या, व्हॅक्यूमची ओढ जबरदस्त असते, पण तो हवा थोडीच खेचतो. मिनिटाला १०० ते १५० घनफूट म्हणजे पुष्कळ झालं. बॅगवाल्या डस्ट कलेक्टरचं उलट आहे. तो ४ इंची नळीतून ३५० घनफुटांच्या आसपास हवा वाहून नेतो, पण त्याची ओढ कमजोर असते. म्हणून कलेक्टरला रिड्यूसर, म्हणजे तोंड अरुंद करणारा जोड, लावून ३५ मिलिमीटरची नळी सँडरला जोडली की प्रवाह जवळजवळ मरतो, आणि व्हॅक्यूमची नळी फळीची जाडी सारखी करणाऱ्या थिकनेस प्लॅनरला लावली की दोन फळ्यांत ढलप्यांनी तुंबते. दोन्ही चुका सर्रास होतात आणि दोष यंत्राला दिला जातो.

हातातली अवजारं, म्हणजे ऑर्बिटल सँडर, राउटर, सर्क्युलर सॉ आणि जिगसॉ, यांना व्हॅक्यूम. प्लॅनर, फळीची बाजू सपाट करणारा जॉइंटर आणि मोठी टेबल सॉ यांना कलेक्टर. बाल्कनीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात काम करणाऱ्या बहुतेकांकडे पहिल्या गटातलीच अवजारं असतात, आणि त्यांनी कलेक्टरवर पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

व्हॅक्यूम घेतलात तर

२० ते ३० लिटरचा, १२०० ते १४०० वॅटचा वेट-ड्राय व्हॅक्यूम पुरतो. सोबत बहुधा स्पंजचा फिल्टर मिळतो. तो पाणी ओढण्यासाठी आहे. तोच लावून सँडिंग केलं तर बारीक भुकटी मोटरच्या तोंडातून परत खोलीत येते, आणि खोली स्वच्छ दिसत असतानाच नाक भरत जातं. अतिबारीक कण धरणारा घड्यांचा हेपा फिल्टर (कार्ट्रिज) वेगळा घ्यावा लागतो.

हा कार्ट्रिज सागाच्या भुकटीने लवकर लिंपला जातो आणि ओढ अर्ध्यावर येते. त्यावर उपाय म्हणजे व्हॅक्यूमच्या आधी सायक्लोन आणि खाली बादली. भोवऱ्यासारखी फिरणारी हवा जवळजवळ सगळा जाड माल बादलीत टाकते. अतिबारीक कण मात्र सायक्लोनमधून निसटतात, ते फिल्टरलाच धरावे लागतात. सायक्लोनचं काम फिल्टर मोकळा ठेवण्याचं आहे, फिल्टरची जागा घेण्याचं नव्हे.

बादलीपाशी तीन गोष्टी चुकतात. रंगाची रिकामी २० लिटरची पातळ बादली नळी तुंबताच चेपते, म्हणून जाड भिंतीचा कडक प्लास्टिकचा (एचडीपीई) ड्रम वापरा. झाकणातून हवा शिरली तर भोवरा मोडतो आणि भुसा थेट व्हॅक्यूममध्ये जातो, म्हणून कडेला दरवाज्याची फोमची पट्टी चिकटवा. आणि ड्रम दोन तृतीयांश भरला की रिकामा करा, कारण त्याहून वर आलेला भुसा भोवरा पुन्हा उचलतो. पावसाळ्यात ड्रम भरलेला ठेवू नका, ओल धरून बुरशी येते.

कलेक्टर घेतलात तर

एक हॉर्सपॉवरच्या यंत्रावर जो आकडा छापलेला असतो, तो नळी आणि बॅग न जोडता मोजलेला असतो. प्रत्यक्षात साधारण निम्मा धरा. सोबतची कापडी बॅग बहुधा ३० मायक्रॉनची असते. स्विच दाबताच उन्हाच्या कवडशात तिच्यातून धुराचा लोट उठताना दिसतो. तीच धूळ आपल्याला नको होती. १ मायक्रॉनची बॅग किंवा बॅगेऐवजी लागणारा घड्यांचा फिल्टर (कॅनिस्टर) यांचा खर्च आधीच धरा, नाहीतर हे यंत्र न घेतलेलं बरं.

लवचिक नळी २-३ मीटरच्या आत ठेवा. लांब पल्ल्यासाठी ड्रेनेजचा ११० मिलिमीटर पीव्हीसी पाइप चांगला. त्यात एका ९० अंशाच्या कोपऱ्याऐवजी ४५ अंशाचे दोन घाला. लोखंडावर ग्राइंडर मारताना ही नळी जवळपासही नको. एक ठिणगी बॅगेत जाऊन तासाभराने पेटू शकते.

एक्झॉस्ट आणि छताचा फिल्टर

हे दोन्ही नंतरचे उपाय. सँडरपासून तुमचं नाक हातभर अंतरावर आणि फिल्टर दहा फुटांवर. धूळ आधी कुठे पोचणार हे उघड आहे.

तरी आपल्याकडे एक्झॉस्टचा मोठा फायदा आहे. हिवाळ्यात खोली गरम ठेवायची नसल्याने हवा बाहेर फेकण्याचा खर्च नाही. समोरच्या भिंतीत खिडकी उघडी हवी, नाहीतर पंखा नुसता आवाज करतो. झोत पाठीवर घेऊन उभे राहू नका, शरीराच्या आडोशाला हवा घोटाळते आणि धूळ तोंडाशी फिरते. तो बाजूने जाऊ द्या. सोसायटीत मात्र शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचा विचार आधी करा.

बंद खोलीत फिल्टरच हवा. एसी प्लांटसाठी मिळणारा एफ७ दर्जाचा, म्हणजे बारीक धूळ धरणारा, घडीचा फिल्टर आणि त्यामागे पंखा, एवढं जमतं. सुरुवातीला धरलेल्या १० बाय १२ च्या खोलीतली हवा तासाला १० वेळा फिरवायला मिनिटाला २०० घनफूट प्रत्यक्ष प्रवाह लागतो. त्या वेगाने ९९ टक्के धूळ जायला अर्धा तास लागतो, म्हणून काम थांबल्यावरही तो तेवढा वेळ चालू ठेवा.

कुठलंही यंत्र घेतलंत तरी सँडिंगला आणि एमडीएफ कापताना मास्क हवाच. आयएस ९४७३ या भारतीय मानकाची खूण असलेला एफएफपी२ दर्जाचा मास्क घ्या. दाढीवर तो नीट बसत नाही आणि कडेने हवा येते.

जोडणी झाली की रात्री सगळे दिवे घालवा, एक टॉर्च आडवी धरा आणि दोन मिनिटं सँडर चालवा. झोतात तरंगणारे कण कुठून निघतात ते दिसेल. पॅडवरची आणि पॉलिशपेपरवरची भोकं एकमेकांवर आली नसतील, तर बहुतेक धूळ पॅडच्या कडेनेच येताना दिसते.