एसटीचा संप आणि वीज कामगारांचा संप

ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालेला एसटीचा संप पाच महिन्यांहून अधिक चालला. मागणी एकच: महामंडळाचं राज्य सरकारमध्ये विलीनीकरण. संघटनांच्या कृती समितीने माघार घेतली, तरी चालक-वाहक डेपोबाहेर बसूनच राहिले. नोव्हेंबरात मूळ वेतनात 2,500 ते 5,000 रुपयांची वाढ जाहीर झाली. त्यात सगळ्यात कमी वाट्याला आली ती वीस वर्षं घासलेल्यांच्या! अखेर एप्रिल 2022 मध्ये उच्च न्यायालयाने 22 तारखेपर्यंत हजर व्हायला सांगितलं. विलीनीकरण राहिलंच.

वीज कामगारांचं उलट. 2005 मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या कंपन्या झाल्या, पण 4 जानेवारी 2023 ला तिन्हींतल्या 31 संघटना एकत्र संपावर गेल्या. विरोध अदानींच्या समांतर वीज वितरण परवान्याला, म्हणजे महावितरणच्याच भागात त्यांच्या कंपनीलाही वीज पुरवू देण्याला. संप 72 तासांचा होता. त्याच दिवशी तेव्हाचे ऊर्जामंत्री फडणवीस यांनी खासगीकरण करणार नसल्याचं सांगितलं आणि संप मिटला.

माझ्या मते एका दिवसात काम झालं ते एकजुटीमुळेच नव्हे. वीज गेली की मंत्रालयालाही कळतं. एसटी बंद पडली की आधी गावाकडची शाळकरी पोरं पायी निघतात. तरी संघटनांवरचा विश्वास उडाल्यावर एसटीवाले एवढे टिकले, हे मला जास्त मोठं वाटतं.