बंदरातली डोंगरी रेल्वे: तिकीट बोटीकडून घ्यावं की परस्पर?

अलास्काच्या क्रूझचं बुकिंग झालं की पुढचा प्रश्न हमखास स्कॅगवे या तिथल्या छोट्या बंदराचा निघतो. बोट तिथे बहुतेक वेळा सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. गावातून व्हाइट पास अँड युकॉन रूट ही नॅरोगेज रेल्वे थेट डोंगरात चढते. तिचं तिकीट दोन ठिकाणी मिळतं: क्रूझ कंपनीच्या सहलींच्या यादीत आणि रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. डोंगर तोच, रूळ तेच, धबधबेही तेच. बोटीच्या यादीतला भाव मात्र सहसा चढा असतो. मग वरचे डॉलर कशासाठी मोजायचे?

ते पैसे मुख्यतः एका हमीचे असतात. बोटीने विकलेली सहल उशिरा परतली तर बोट थांबते, आणि अगदीच थांबता आलं नाही तर कंपनी स्वतःच्या खर्चाने तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवते. परस्पर काढलेल्या तिकिटाला ही हमी नाही. ‘ऑल अबोर्ड’ची वेळ बोट सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते; ती चुकली की कॅप्टनवर तुमची वाट बघायचं कोणतंही बंधन नाही.

ही हमी सगळ्या बंदरांत सारख्या किमतीची नसते. कुठे ती फुकट गेल्यासारखी, तर कुठे तिच्याशिवाय जाणं वेडेपणाचं. ठरवताना एकच गोष्ट बघायची: गाडी वाटेत रखडली तर तुम्ही आणि गँगवे, म्हणजे बोटीत चढायची शिडी, यांच्यामध्ये काय काय उरतं? दहा मिनिटांची पायवाट, की बस, सीमा आणि टेंडरची, म्हणजे बोटीपर्यंत नेणाऱ्या छोट्या नावेची, रांग?

स्कॅगवे: नुसती खिंडीपर्यंतची फेरी

सगळ्यात खपणारी सहल म्हणजे व्हाइट पास या खिंडीच्या माथ्यापर्यंत जाऊन परत. जाऊन-येऊन 40 मैल, वेळ पावणेतीन तासांच्या आसपास. वीस मैलांत गाडी समुद्रसपाटीपासून 2,865 फुटांवर जाते. चढ जास्तीत जास्त 3.9 टक्के, म्हणजे शंभर फूट पुढे गेलं की जवळजवळ चार फूट वर. रुळांमधलं अंतर जेमतेम तीन फूट. रुंद रूळ टाकायचे तर कडा आणखी फोडावा लागला असता, आणि वळणंही एवढी आवळता आली नसती.

कॅनडातल्या क्लोन्डाइकच्या सोन्यामागे लोक धावत होते तेव्हा, 1898 च्या मे महिन्यात, काम सुरू झालं आणि 29 जुलै 1900 ला कारक्रॉसला शेवटचा खिळा ठोकला. तोवर सोन्याची झुंबड ओसरलीही होती. पुढे ही रेल्वे खाणींच्या मालावर जगली. 1982 मध्ये खाणी बंद पडल्या, तशी तीही बंद पडली. 1988 मध्ये पुन्हा सुरू झाली ती पर्यटकांसाठी. आज हिच्या वेळापत्रकाची घडी बोटींच्या येण्याजाण्यावरच बसवलेली असते. तिकीट कुठून घ्यायचं हे ठरवताना ही गोष्ट फार उपयोगाची आहे. बोटीवरचे शेकडो प्रवासी रोज वेळेत परत पोचवणं हाच जिचा धंदा, ती गाडी सहसा तुम्हाला अडकवत नाही.

शिवाय ही फेरी जिथून निघते तिथेच संपते. स्टेशन सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर, गावाच्या समुद्राकडच्या टोकाला. ब्रॉडवे डॉक तिथून अगदी जवळ. रेलरोड डॉकच्या दूरच्या टोकाला बोट लागली असेल तर पायी पंधरा-वीस मिनिटं धरा. बोट दिवसभर थांबणार असेल आणि तुम्ही सकाळची किंवा दुपारची गाडी घेतलीत, तर परतल्यावर हाताशी दोन-तीन तास राहतात. एवढी मोकळीक असताना हमीसाठी जास्त पैसे मोजायची मला गरज वाटत नाही. नुसत्या खिंडीच्या फेरीसाठी धडधाकट माणसाने तिकीट परस्पर काढावं.

‘धडधाकट’ मुद्दाम म्हटलं. बोटीच्या तिकिटाचा खरा फायदा बरेचदा हमीत नसून धक्क्यावर असतो. बोटीच्या प्रवाशांसाठी गाडी कित्येकदा थेट धक्क्यालगत उभी असते. गँगवेवरून उतरायचं, छातीला सहलीचा स्टिकर लावायचा आणि समोरच्या डब्यात चढायचं. परस्पर तिकीटवाल्यांनी स्टेशनात जायचं. बरोबर सत्तरीतले आई-वडील असतील, गुडघे कुरकुरत असतील आणि बाहेर अलास्काचा रिपरिप पाऊस असेल, तर वरचे डॉलर त्या पायपिटीचे समजून देऊन टाकावेत. व्हीलचेअर असेल तर तिकीट कुठूनही घ्या, पण आधी कळवा. लिफ्ट असलेले डबे आहेत, प्रत्येक गाडीला मात्र ते असतीलच असं धरून चालू नका.

एक इशारा रेलरोड डॉकबद्दल. 2022 मध्ये त्याच्या वरच्या कड्यावरून दरडी कोसळल्या आणि धक्क्याचा वापर आवरता घ्यावा लागला. तेव्हापासून काही बोटींचे प्रवासी टेंडरने किनाऱ्यावर आणावे लागले आहेत. तुमच्या बोटीला टेंडर असेल तर गणित पार बदलतं: उतरायलाच रांग, आणि त्या रांगेत बोटीच्या सहलींवाले आधी जातात. अशा दिवशी सकाळची पहिली गाडी परस्पर घेणं म्हणजे स्वतःहून गळ्यात धोंड बांधून घेणं.

खिडकी कुठली?

यावर लोक विनाकारण भांडतात. वर जाताना डाव्या बाजूला दरी असते आणि चांगलं ते सगळं तिकडेच. पण माथ्यावर गाडी वळवत नाहीत. इंजिन सुटतं, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जाऊन जोडलं जातं. तोवर डब्यात सगळे उठतात, बाकांच्या पाठी खाडखाड उलट्या फिरवल्या जातात आणि उजवीकडचे डावीकडचे आपापल्या जागा बदलतात. त्यामुळे जाऊन-येऊन फेरीत प्रत्येकाला दरी मिळते. डब्यांच्या टोकाला उघडे सज्जे आहेत. फोटो तिथूनच काढा, काचेतून स्वतःच्याच जॅकेटचं प्रतिबिंब येतं.

माथ्याच्या अलीकडे एक जुना पोलादी पूल दिसतो. 1901 चा, दरीवर अधांतरी हात पसरल्यासारखा. 1969 पासून त्यावरून गाडी जात नाही. तुम्ही त्याच्या बाजूने बोगद्यात शिरता. वाटेत डेड हॉर्स गल्च ही घळ येते. सोन्याच्या धांदलीत ओझी वाहून वाहून मेलेल्या हजारो घोड्यांवरून तिला हे नाव पडलं. कानावर माहिती सांगणाऱ्याचा आवाज येत असतो. इथे मात्र जरा खाली बघा. त्या घोड्यांची वाट अजूनही खडकांतून पुसटशी दिसते.

स्कॅगवे: एकीकडून गाडी, दुसरीकडून बस

दरीच्या पलीकडच्या अंगाने क्लोन्डाइक हायवे जातो. नुसती बस रेल्वेपेक्षा बरीच स्वस्त पडते, वाटेत थांबते, पुढे कॅनडातल्या कारक्रॉसपर्यंत आणि तिथून एमराल्ड लेकपर्यंतही नेते. निसर्गच बघायचा असेल आणि रेल्वेचं वेड नसेल, तर बसमध्ये काहीच कमी नाही. वेड असेल तर बस चालणार नाही, हेही खरं.

दोन्हींची सांगड घालणारी सहल मला सगळ्यात भावते: एका बाजूने गाडी खिंडीपलीकडच्या फ्रेझर स्टेशनपर्यंत, दुसऱ्या बाजूने बस. एकच रस्ता दोनदा बघावा लागत नाही आणि खिंडीपलीकडचा उघडाबोडका, तळ्यातळ्यांचा मुलूख पदरात पडतो. यात जागा बदलायचा प्रसंग येत नाही, तेव्हा चढताना डावी आणि उतरताना उजवी खिडकी धरा.

मात्र ही सहल मी बोटीकडूनच घेईन. फ्रेझर ब्रिटिश कोलंबियात आहे, म्हणजे कॅनडात. नुसत्या खिंडीच्या फेरीत कुणी खाली उतरत नाही, त्यामुळे पासपोर्ट लागत नाही. इथे लागतो. भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा हवा आणि परत अलास्कात शिरायला अमेरिकेचा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा. परत येताना रस्त्यावर अमेरिकन चौकी आहे, आणि एकाच वेळी पाच-सहा बस आल्या की तिथे किती वेळ जाईल हे कुणाच्याच हातात नसतं. तुमच्या आणि बोटीच्या मध्ये सीमा उभी राहते. हमीचे पैसे इथे वसूल होतात.

बोट खरंच चुकली तर काय, याचाही विचार करा. स्कॅगवेतून बाहेर जाणारा एकमेव रस्ता कॅनडात, व्हाइटहॉर्सकडे जातो. अलास्काच्या राजधानीला, जूनोला जायचं तर छोटं विमान, नाहीतर फेरीबोट. हवामान वाईट असेल तर विमान उडत नाही. हॉटेल, विमान, नवी तिकिटं सगळं तुमच्या खिशातून.

परस्पर तिकीट काढणाऱ्यांनी घड्याळ तपासावं. रेल्वे अलास्काच्या वेळेवर चालते. व्हँकुव्हर किंवा सिअ‍ॅटलची वेळ त्याच्या एक तास पुढे असते आणि बोटीवरची वेळ बोटच ठरवते. युकॉनमधल्या कारक्रॉसला गेलात तर तिथेही उन्हाळ्यात अलास्काच्या एक तास पुढची वेळ, आणि फोन आपणहून वेळ बदलतो. हातावर साधं घड्याळ बांधा, बोटीच्या वेळेला लावा आणि दिवसभर त्याला हात लावू नका.

फ्लॉम: इथे विचार करायचा तो जागेचा

नॉर्वेतलं फ्लॉम म्हणजे फियॉर्डच्या टोकाला मूठभर घरं, धक्का आणि धक्क्यापासून चार पावलांवर स्टेशन. फ्लॉम ते डोंगरावरचं मिरडाल स्टेशन वीस किलोमीटर, वीस बोगदे, 866 मीटरचा चढ, एका बाजूला साधारण तास. गाडी पूर्ण आकाराच्या रुळांवर चालते आणि तरीही बऱ्याचशा वाटेवर चढ अठरात एक, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के आहे. व्हाइट पासपेक्षा तीव्र. वाटेत शोसफॉसेन धबधब्याशी गाडी थांबते आणि सगळा डबा फलाटावर तुषार झेलायला उतरतो.

परतीला उशीर होण्याची भीती इथे जवळजवळ नाही. अडचण वेगळी आहे: मोठी बोट लागते त्या दिवशी सकाळच्या गाड्या भरून गेलेल्या असतात, कारण बोटीने आधीच जागांचे गठ्ठे उचललेले असतात. तेव्हा परस्पर घ्यायचं तर प्रवासाची तारीख पक्की होताच घ्या. तिकीटखिडकीवर जाऊन बघू म्हणणारे धक्क्यावर कॉफी पीत बसतात. परस्पर जाण्याचा फायदा असा की एकाच बाजूचं तिकीट काढून मिरडालहून भाड्याच्या सायकलीने उतरता येतं. वाट उताराचीच आहे. पहिली वळणं मात्र उभी आणि खडीची, तिथे सायकल हातात धरून उतरणारेच जास्त.

हीच गाडी तुमची बोट बर्गनला लागलेली असताना करायची म्हणाल तर माझं उत्तर नाही. बर्गनहून मिरडालपर्यंतच दोन तास, मग फ्लॉम, मग परत. सगळा दिवस गाड्यांच्या जोडण्यांवर लटकतो. बोटीने स्वतः अशी सहल काढली असेल तरच जा. काही वेळा ती एका बंदरात उतरवून दुसऱ्या बंदरात बोट गाठून देणारी असते. तसली मजा परस्पर जमतच नाही.

केर्न्स: निःसंकोच बोटीकडून

ऑस्ट्रेलियातली कुरांडा रेल्वे 1891 पासून केर्न्सहून डोंगरावरच्या कुरांडा गावाला जाते. 33 किलोमीटर, पंधरा बोगदे, एका बाजूला दोन तासांना थोडा कमी वेळ. सकाळी मोजक्याच गाड्या वर जातात आणि दुपारी मोजक्याच खाली येतात. एक चुकली की पुढची लवकर नाही. एका बाजूने गाडी आणि दुसऱ्या बाजूने साडेसात किलोमीटरची स्कायरेल ही केबलकार, हा नेहमीचा बेत.

बोट लहान असून शहरातल्या धक्क्याला लागत असेल तर स्टेशन चालण्याच्या अंतरावर आहे, परस्पर जा. मोठ्या बोटी मात्र यॉर्कीज नॉबजवळ समुद्रात नांगर टाकतात. मग टेंडर, तिथून बस, मग गाडी, मग केबल, परत बस, परत टेंडर. इतक्या कड्यांच्या साखळीत परस्पर तिकीट घेऊन वाचणारे पैसे मला तरी परवडणार नाहीत. त्यात हा पावसाळी प्रदेश. 2023 च्या डिसेंबरात जॅस्पर चक्रीवादळ येऊन गेलं आणि हा मार्ग काही महिने बंद होता.

पैसे परत मिळण्याचं काय

वाऱ्यामुळे बोटीने बंदरच टाळलं तर तिच्याकडून घेतलेल्या सहलीचे पैसे आपोआप परत येतात. परस्पर तिकिटाचं सगळं त्या रेल्वेच्या नियमांवर; ‘बोट आलीच नाही तर’ हे कलम बुकिंगआधी शोधून वाचा. क्रूझबरोबर ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे बोटीवर खर्चायची रक्कम, मिळालं असेल तर ते सहसा बोटीच्या सहलींवरच खर्च होतं. ते पडून राहणार असेल, तर बोटीचा चढा भाव प्रत्यक्षात स्वस्त ठरतो.

आणि परस्पर जाणार असाल तर निघण्यापूर्वी केबिनमधल्या रोजच्या पत्रकाचा फोटो काढून घ्या. त्यावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. पासपोर्ट तिजोरीत ठेवण्याऐवजी बरोबर घ्या.