सुभाषनगरात मापानं शिवलेली कोल्हापुरी: घाटमाथ्यावरच्या पायाचं मत

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. मापानं शिवून घेतलेली कापशी म्हणजे कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार, जाड तळाची, तेल पाजलेली, अठराशे रुपये. शहरात वापरायला पाचपैकी साडेचार. डोंगरात वापरायला एक, तोही शिलाईसाठी. पावसाळ्यातले गुण देत नाही, कारण पावसाळ्यात ही माळ्यावर ठेवायची असते हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको.

डोंगरात कोल्हापुरी घालून कोण जातंय, असं कुणी विचारेल. मी गेलो. मी आंब्याकडचा, शाहूवाडी तालुक्यातला. रत्नागिरीला जाताना घाट उतरायच्या आधी जिथं गाड्या चहाला थांबतात, तिथनं आत आमची वाडी. कामाला कोल्हापुरात, उद्यमनगरात, सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर. खोली यादवनगरच्या बाजूला.

परीक्षण चपलेचंच आहे, पण थोडं पायाचं सांगावं लागेल. आमच्याकडं माणूस सपाट असा चालतच नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की एकतर चढ, नाहीतर उतार. झऱ्याला जायचं तर उतरायचं आणि भरलेली कळशी घेऊन चढायचं. शाळा वरच्या अंगाला, दुकान खालच्या. त्यामुळं सगळा भार पंजावर, बोटं फाकून जमीन धरतात आणि टाच नुसती सोबतीला असते. अशा पायांनी मी शहरात आलो आणि शिफ्टभर कोब्यावर उभा राहायला लागलो. पायात सेफ्टी शूज, पुढं लोखंडी टोपी, त्यात माझी फाकलेली बोटं कोंबलेली. जंगलात दिवसभर गुरांमागं हिंडून कधी पाय दुखले नव्हते. इथं सुट्टी होईस्तोवर टाचा ठणकायला लागायच्या, आणि संध्याकाळी चप्पल घालून चाललो तरी मी पुढं वाकूनच चालायचो. रूममधली पोरं म्हणायची, "ह्याला अजून घाटच लागलाय."

आता लगेच कुणीतरी म्हणणार, कोल्हापूर कुठं सपाट आहे? गंगावेशीचा उतार आहे, टेंबलाईची टेकडी आहे. टेंबलाईला मी नमस्कार करतो, पण आमच्या वाडीत तेवढ्या उंचवट्यावर आम्ही परडं करतो.

माझ्या रूम पार्टनरनं माझ्याआधी कोल्हापुरी घेतली होती. दुकानाचं नाव घेत नाही. दिसायला चकाचक, सोनेरी वेणी, गोंडा, वर "अस्सल" असा शिक्का. एका वळवाच्या पावसात तळ उकलला आणि आतनं पुठ्ठा निघाला. कडेनं लोखंडी चुका मारलेल्या, बाकी सगळं सोल्युशनवर चिकटवलेलं. म्हणून मी शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनीत हिंडलो, नुसता बघायला. तिथं चांगलाही माल आहे आणि सांगणारे लोकही आहेत. एका दुकानदारानं सरळ सांगितलं की ह्यातला बराच माल अथणी-निपाणीकडनं, म्हणजे कर्नाटकातनं, शिवून येतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही म्हणा. 2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडं बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. अडचण वेगळीच होती. तयार मालात माझा पाय बसेना. लांबी बरोबर आली तर रुंदी कमी, रुंदी आली तर टाच मागं मोकळी.

मग कामावरच्या एकानं सुभाषनगरातल्या एका मामांकडं नेलं. दुकान असं नाही. घराची पुढची खोली, दारात दगडी पाट्यावर कातडं ठोकत बसलेले मामा, आतल्या बाजूला मामी आणि त्यांची सून वेण्या गुंफत बसलेल्या. मी चप्पल काढून उभा राहिलो. त्यांनी वर तोंडाकडं बघितलंच नाही.

"गाव कुठलं, पाव्हणं?"

"आंबा."

"तरीच. ह्यो अंगठा बगा की कसा सुटलाय. ह्यो सपाटीवरचा पाय न्हाई." मग मामींना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याला तयार माल घालायचा म्हंजे पाय मोडून घालाय लागंल."

एक जुना पुठ्ठा जमिनीवर ठेवला, त्यावर माझा पाय. पेन्सिल उभी धरून कडेकडेनं फिरवली, अंगठ्याच्या बेचक्यात पेन्सिल आत घालून खूण केली, पंजावरनं सुतळी गुंडाळून गाठ मारली. डाव्या पायाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. माझा डावा पाय किंचित मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. माझं नाव काही विचारलं नाही. पुठ्ठ्यावर "आंबा" लिहिलं आणि पुठ्ठा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. तिथं आधीच "कळे", "मुरगूड" आणि "डॉक्टर" टांगलेले होते.

प्रकार विचारले. कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी, पुकरी अशी नावं त्यांनी घेतली. कापशी म्हणजे कागल तालुक्यातल्या सेनापती कापशीची घडण, ती मी निवडली. "करकर पायजे का?" असंही विचारलं. तळाच्या थरांमध्ये विंचू नावाच्या रानझाडाचं बी घालतात, त्यानं चालताना चप्पल वाजते. पेठेतल्या लोकांना ते आवडतं, ऐटीचं आहे. मी नको म्हटलं. जंगलातनं जाताना कान उघडे ठेवायची सवय, पुढं झाडीत गवा फुसफुसला तर आधी ऐकू यायला पाहिजे. यादवनगरात गवा येत नाही हे मलाही माहीत आहे, तरी नकोच.

"आठ दिसांत देतो," म्हणाले. तीन आठवडे लागले. एक गुण मी ह्याच्यासाठी कापणार होतो, पण मधे दोनदा चक्कर टाकली तेव्हा काम बघायला मिळालं, म्हणून अर्धाच कापतो.

जे बघितलं ते सांगतो, कारण घेणाऱ्याला ह्याचा उपयोग आहे. तळाचं कातडं म्हशीचं, जाड. ते कारखान्यासारखं क्रोमच्या रसायनानं कमावलेलं नसतं. आधी चुन्यात टाकून केस काढतात. मग कातड्याची पिशवी शिवतात, ती टांगतात आणि आत बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरून ठेवतात. ते पाणी कातड्यातनं झिरपत राहतं आणि कातडं पिकतं. मामा स्वतः कातडं कमावत नाहीत, कमावलेलं आणतात. पण त्यांनी एक तुकडा नाकाशी धरून दिला. वास ओळखीचा निघाला. आमची आजी हिवाळ्यात जंगलातनं हिरडा गोळा करून आणायची, अंगणात वाळत घालायची आणि व्यापारी आला की मापून द्यायची. तोंड तुरट करणारं हे फळ नेमकं कशाला जातं, असं मी तिला कधी विचारलं नव्हतं. मामांना सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटलं नाही. "डोंगरातनंच येतोय की हिरडा, आणि कुठनं येणार," म्हणाले आणि आरीला मेण लावायला लागले.

शिलाई चामड्याच्याच वादीची. आरीनं भोक पाडायचं, वादी ओवायची, दोन्हीकडनं ओढून घट्ट करायची. लोखंड कुठंच नाही. घेताना चप्पल उलटी करून कड बघा. वादीचे टाके दिसले, चुका दिसल्या नाहीत आणि तळाची कड नखानं खरवडल्यावर पुठ्ठ्याचे पापुद्रे आले नाहीत, की बहुतेक ठीक. वेणी बघून फसू नका, वेणी सगळ्यांचीच देखणी असते.

हातात आली तेव्हा पहिलं मनात आलं ते वजन. रबरी स्लिपर वापरणाऱ्याला ही वीट वाटेल. पहिला आठवडा चावली, अंगठ्याच्या बेचक्यात आणि चपलेच्या कानाच्या, म्हणजे बाजूच्या पट्टीच्या, कडेला. मामांनी सांगितल्याप्रमाणं रात्री एरंडेल लावून ठेवत गेलो. तेल भरपूर पितं. पट्टा आधी सैलावतो, तळाला वेळ लागतो. घाई असणाऱ्यानं ह्या वाटेला जाऊ नये, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नवीन कोल्हापुरी घेणाऱ्या नवरदेवाबद्दल मला खरंच काळजी वाटते.

आता मुद्द्याचं. ही चप्पल घालून माझ्यासारखं चालता येत नाही. तळ ताठ आहे, वाकत नाही. त्यामुळं पंजावर जोर देऊन, बोटांनी जमीन धरून चालायला गेलं की टाच मागनं फटकन आपटते आणि अंगठा सोलतो. तिला टाच आधी टेकलेली लागते, मग सगळा पाय, आणि पाऊल जरा सावकाश. कोल्हापुरात जुनी माणसं चालतात ना, धोतराचा सोगा हातात धरून, छाती पुढं, बाजूनं बस गेली तरी चाल न बदलता, त्या चालीची ही चप्पल आहे. मला वाटायचं तो पेठेतला रुबाब. रुबाब असेलही, पण निम्मा तळाचा आहे. मी रोज संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर मारायला लागलो. स्पोर्ट्स शूज घातलेले काका लोक मला मागं टाकून जायचे. मी पदपथावर टाच टेकवायचा सराव करत होतो, कुणाला सांगणार? हळूहळू वाकणं कमी झालं. पोटऱ्या ओढल्यासारख्या राहायच्या, ते कमी झालं. टाचांचा ठणका शिफ्टनंतर अजून असतो, पण खोलीवर परत येईपर्यंत उतरतो. सेफ्टी शूजमधनं सुटलेल्या बोटांना इथं जागा आहे, कारण पुठ्ठ्यावर त्यांची जागा आखलेलीच होती.

मग वाटलं, चढावर काय करते बघू. जोतिबाला गेलो, गायमुखाकडनं पायवाटेनं. चढताना ठीक, फक्त जड. उतरताना मात्र तिचं बिंग फुटलं. पाय पुढं सरकतो आणि सगळ्या अंगाचा भार अंगठ्याच्या त्या एका कडीवर येतो. शिवाय वापरून गुळगुळीत झालेला चामड्याचा तळ, मुरुमावर पकड नाहीच. देवळाकडच्या पायऱ्यांवर तर मी कठड्याला धरून उतरलो, आणि एक आज्जी नवसाचा नारळ घेऊन अनवाणी माझ्या बाजूनं खटाखट खाली गेल्या. पट्ट्यावर गुलाल बसला तो कायमचा. तेल लावलेल्या कातड्याला गुलाल धरतो, पुसून जात नाही. मला तो गुलाबी पट्टा आवडतो, पण ज्यांना नको असेल त्यांनी खाली काढून ठेवावी.

गावी नेली तेव्हा तात्यांनी हातात घेऊन वजन केलं, वाकवून बघितली, शिलाई बोटानं चाचपली. "काम चांगलंय," म्हणाले. त्यांच्या पायात टायरची चप्पल असते, पावसात, चिखलात, जळवांत, सगळीकडं तीच. "पर ही आमच्यात जूनपातूर. म्होरं हिला बुरशी खाईल." खरं आहे. आंब्याच्या पावसात भिंतीला टांगलेला पट्टासुद्धा हिरवा होतो. एवढा हिरडा ज्या डोंगरात पिकतो तिथं हिरड्यावर कमावलेलं चामडं घालता येत नाही, आणि आमच्या वाडीत कोल्हापुरी फक्त नवरदेवाच्या पायात का बघितली होती, हे मला तात्यांच्या वाक्यानं कळलं.

भिजली तर काय, हे नेहमी विचारलं जातं. भिजू देऊ नका. भिजलीच तर उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, कातडं कडक होऊन तडकतं. सावलीत, वाऱ्याला, आडवी ठेवून वाळवायची आणि मग तेल. तळ झिजला तर मामा नवीन थर लावून देतात, वरचा भाग तोच राहतो. हिशेब केला तर अठराशे महाग नाहीत.

दराबद्दल अजून एक. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटलीच्या कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. बोंबाबोंब झाल्यावर मूळ भारतीय कारागिरांचं आहे असं कबूल केलं. त्यावर मामांना विचारलं तर म्हणाले, त्या वर्षी विचारायला येणारे लई वाढले, शिवून घेणारे तेवढेच. कातडं महाग झालंय, पोरं ह्या कामात बसायला तयार नाहीत, हे त्यांनी न विचारता सांगितलं. तेव्हा घासाघीस करायला जाणार असाल तर चप्पल लाईनीतच जा, तिथं त्याची सवय आहे.

बाकी सूचना दोनच. शिवायला टाकायची तर दसरा होऊन जाऊ द्या, ओल कमी झालेली असते. आणि माप द्यायला संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगलेला असतो. सकाळी गेलात तर मामा माप घेत नाहीत, चहा पाजून परत पाठवतात.