कॅशलेस की ओळखीचा गॅरेजवाला?

भाच्याची गाडी घोडबंदर रोडला ठोकली, बंपर, बॉनेट, हेडलाईट गेली, आणि आता त्याचं अडलंय, सर्व्हिस सेंटरला कॅशलेस टाकू, म्हणजे बिल विमा कंपनी परस्पर सेंटरला भरते, का वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या गॅरेजला.

त्याला म्हटलं, आधी पैसे बघ. कॅशलेस म्हणजे फुकट नाही रे. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापायचं जादा कव्हर, नसेल तर प्लास्टिक-रबरवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे अर्धा बंपर तुझ्या खिशातून, पत्र्याचं गाडीच्या वयावर, ३ ते ४ वर्षांच्या गाडीला २५ टक्के. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेमला सक्तीने खिशातून भरायचे १००० रुपये. गॅरेजमधून क्लेम केलास तरी हेच, फक्त तिथे बिल आधी तू भरायचं आणि त्याच्याकडे पक्कं जीएसटी बिल नसेल तर विषयच संपला.

कामात फरक असा की सेंटरवाले पार्ट सरळ बदलतात, गॅरेजवाला हेडलाईटचा तुटलेला कान वेल्डिंग करून जोडतो आणि शेकडो रुपयांत भागतं. रंग मात्र बंद पेंट बूथमध्येच मारलेला बरा, उघड्यावर धूळ बसते, उन्हात शेड वेगळी दिसते.

वेळेचं दोन्हीकडे रडगाणंच.

तुझं नुकसान मोठं, तर कॅशलेसच घे, पण सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासणारा विम्याचा माणूस, येऊन जाईपर्यंत गाडी खोलू देऊ नकोस आणि काय बदलणार, काय रिपेअर करणार ते लिहून घे. नुसता पोचा असता तर गॅरेज बेस्ट, क्लेमच करायचा नाही, कारण एका क्लेमने नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जातो आणि तो २० ते ५० टक्के असतो.