चार इंची लिफ्ट किट: स्प्रिंगा झकास, सूचनापत्रक रद्दीत

गाडीची उंची चार इंचांनी वाढवणाऱ्या या किटच्या खोक्यावर ‘संपूर्ण किट’ असं छापलंय. आत समोरच्या दोन कॉइल स्प्रिंगा, मागचे पाटे, चार शॉकअप, नवे यू-बोल्ट, रेडियस आर्मसाठी (अॅक्सलला चॅसीशी जोडणारे लांब दांडे) पॉलियुरेथेनचे कॅस्टर बुश (कॅस्टर म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागचा कल), लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड (अॅक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) आणि एक स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉकअप). माझ्या पिकअपला पुढे-मागे सॉलिड अॅक्सल (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा एकसंध आडवा अॅक्सल) आहे. सगळं घरीच बसवलं, मग चिखल, दगड आणि पाणी भरपूर झाल्यावर लिहायला बसलोय. कंपनीचं नाव देत नाही. असेच किट बरेच जण विकतात आणि तपासायच्या गोष्टी सगळ्यांत त्याच.

स्प्रिंगांबद्दल तक्रार नाही. हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं माप बसवल्या दिवशी लिहून ठेवलं होतं. सामान लादून फिरवूनही गाडी एका बाजूला बसलेली नाही. यू-बोल्ट नवे दिलेत हेही चांगलं. जुने एकदा ताणले गेलेले असतात, ते परत वापरायचे नसतात.

पॅनहार्ड रॉड हा या किटमधला सगळ्यात कामाचा तुकडा. गाडी उचलली की हा रॉड जास्त तिरका होतो, त्याची आडवी लांबी कमी पडते आणि अॅक्सल चॅसीवरच्या ब्रॅकेटच्या दिशेला सरकतो. मूळ रॉड तसाच ठेवला तर गाडी तिरकी चालल्यासारखी दिसते. या रॉडचे आटे बारीक आहेत, लॉकनट जाडजूड आहे आणि टोकाला ग्रीस निपल आहे. चाकं जमिनीवर ठेवून लांबी जुळवली, अॅक्सल मधोमध आला. मात्र दर सर्व्हिसिंगला त्या लॉकनटवर पाना लावून बघाच. मी घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या पेंटची रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हललाय.

आता डॅम्पर. माझ्या मते तो खोक्यात नसता तर बरं झालं असतं. खड्ड्यावरून गेल्यावर पुढची चाकं थडथडायला लागतात, ज्याला गाडीवाले डेथ वॉबल म्हणतात, त्यावरचा उपाय म्हणून तो विकला जातो. तो फक्त थडथड दाबतो. कारण बहुतेक वेळा पॅनहार्डच्या बोल्टचं लांबट झालेलं भोक, फाटलेला बुश, टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट यांपैकीच असतं. शोधायची पद्धत साधी: इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओंडके आणि चाकं जमिनीवरच. एकाने स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने बाजूने वाकून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. ढिला सांधा बोटाला लगेच कळतो. जॅकवर उचललेल्या गाडीत हा खेळ नीट दिसत नाही.

कॅस्टर बुशांनी काम केलं. उंची वाढल्यावर कॅस्टर कमी होतो, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. ते आता थांबलंय. पण कॅस्टर वाढवायला अॅक्सल फिरवला की पुढच्या पिनियनचं (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या गिअरचं) तोंड खाली जातं आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. फोर-व्हीलमध्ये घुमघुम ऐकू आली तर आधी टायर बॅलन्सला पळू नका, शाफ्टचा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) तपासा. ग्रीस मारताना चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर यायला हवं. एक कप कोरडा राहिला तर तो क्रॉस जास्त दिवसांचा सोबती नाही. बाकी पॉलीचे बुश पाण्यातून गेल्यावर जुन्या दारासारखे कुरकुरतात. सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवले की गप्प होतात, तेही काही काळच.

सूचनापत्रकावर मात्र माझा राग आहे. फोटो इतके काळे की त्यात पाना कुठला आणि अॅक्सल कुठला हे ओळखता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळच गायब आहे: रबरी बुशांचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. गाडी घोड्यांवर (गाडी उचलून टेकवायचे स्टँड) असताना आवळलात तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाचशे किलोमीटरनंतर सगळं परत टॉर्क करा, हेही कुठे लिहिलेलं नाही. वर ‘अनुभवी व्यक्तीकडून बसवा’ एवढंच.

आणि ‘संपूर्ण’ म्हणावं तर ब्रेकचे लांब होज (रबरी नळ्या) नाहीत, बंपस्टॉपही (अॅक्सल वर आदळू नये म्हणून लावायचे रबरी ठोकळे) नाहीत. चाक पूर्ण खाली लोंबकळू दिलं तेव्हा मूळ होज ताणला गेलेला स्पष्ट दिसला. तो बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढलीच नाही. डिफरन्शियलच्या ब्रीदरची (आतली हवा आत-बाहेर करणाऱ्या तोंडाची) नळीही वरपर्यंत न्यावी लागली. गरम अॅक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑईल दुधाळ दिसलं तर तेच झालंय समजा.

पाचपैकी साडेतीन. स्प्रिंगा, पाटे आणि पॅनहार्ड रॉड सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्या. डॅम्परवर जाणारे पैसे होज आणि उंच घोड्यांवर घाला, कारण उचललेल्या गाडीखाली जुने घोडे पुरत नाहीत.