महेश्वर: 'माहिष्मती दर्शन' नको, घाटावरची होडी घ्या

नर्मदाकाठचं महेश्वर म्हणजेच पुराणातली माहिष्मती नगरी, असं मानतात. तिथे जायला इंदूरहून गाडी आणि गाईड असं 'माहिष्मती दर्शन' नावाचं एका दिवसाचं पॅकेज घेतलं होतं. मी, आई आणि नववीतला भाचा. नाव वाचूनच तो हट्टाला पेटला, कारण त्याची माहिष्मती 'बाहुबली'तली. गाईडनेही किल्ल्यावर उभं राहून तीच सांगितली. त्या सिनेमाचं नगर हैदराबादला रामोजी फिल्म सिटीत उभारलं होतं, एवढंसुद्धा पोराला सांगितलं नाही. अहिल्याबाईंची गादी दहा मिनिटांत उरकली. पांढरी साधी बैठक, समोर आई हात जोडून उभी, तोच मागून "चलिए माताजी". मला फार लागलं ते. पॅकेजला एकच स्टार, तोही ड्रायव्हरने गाडी सांभाळून नेली म्हणून.

पाच स्टार घाटावरच्या वल्ह्याच्या होडीला. तासाचे पाचशे आधीच ठरवले. नावाडी सत्तरीचा असेल. "नर्मदे हर" म्हणून त्याने होडी लोटली आणि भाच्याला विचारलं, "ये नगरी किसने बसाई, पता है?"

हरिवंशात ते श्रेय हैहय कुळातल्या महिष्मान राजाला आहे, त्याच्यावरूनच माहिष्मती. त्याच्याच वंशातला कार्तवीर्य, म्हणजे सहस्रार्जुन. हजार हातांनी त्याने नर्मदा अडवली, पाणी उलटं चढलं, काठावर रावण शिवाची पूजा मांडून बसला होता ती वाहून गेली. रावण चिडून लढायला आला आणि कैदेत पडला. हे सांगताना म्हाताऱ्याने वल्ही सोडली, दोन्ही हात पसरले, बोटं फाकवली: "ऐसे." होडी आपली आपण वाहत होती. खाली सहस्रधारेला नदी खडकांतून असंख्य धारांनी फुटते ना, ती म्हणे त्याच्या बोटांतून निसटलेली नर्मदा. भाचा बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत होता.

खरी माहिष्मती ओंकारेश्वर-मांधाता, असंही काही अभ्यासक मानतात. मी ते तिथे काढलं नाही. पण पलीकडच्या काठावरचं नावडाटोली मात्र भाच्याला दाखवलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सांकळिया यांनी 1950 च्या दशकात तिथे उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती, रंगवलेली मडकी सापडली. राजाचं नाव पुराणातलं असेल, पण या काठावर चुली तेव्हाही पेटत होत्या.

नदीच्या मधोमध बाणेश्वराचं देऊळ आहे, त्याला वळसा घालूनच परत या. मग राजराजेश्वराच्या देवळात जा, ते सहस्रार्जुनाचं. आत तुपाचे अखंड दिवे आहेत. भाच्याने मोजले, अकरा भरले. आईने तुपासाठी पैसे ठेवले आणि कोणी घाई केली नाही म्हणून तिथेच टेकली.

एक चुकवू नका: अहिल्याबाईंच्या वेळेपासून चालत आलेलं लिंगार्चन. मातीची चिमुकली शिवलिंगं घडवून, पूजा करून नर्मदेत सोडतात. ते सकाळी असतं, आणि आमचं पॅकेज पोहोचलं अकराला. म्हणून मुक्काम महेश्वरातच करा. आई नावाड्याला कार्तिकात येते म्हणून सांगून आली आहे, भाच्यासकट.